युएजूचं गाणं इतकं हळवं का वाटतं?

युएजू या चिनी संगीत-नाट्यप्रकाराचं रेकॉर्डिंग पहिल्यांदा ऐकलं की माणूस जरा गोंधळतो. चिनी ऑपेरा म्हणजे झांजांचा दणदणाट, रंगवलेले चेहरे आणि टिपेला गेलेले आवाज, हे पेकिंग ऑपेरामुळे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इथे तर सगळंच मऊ. सूर संथ चालतो, ओळीच्या शेवटी खाली उतरतो, थोडा थरथरतो आणि मग टेकतो. शब्द कळत नसले तरी कुणीतरी कुणाला तरी सोडून चाललंय, एवढं नक्की कळतं. आणि लांब झगा घातलेला, हातात पंखा घेतलेला तो देखणा नायक? ती बाई आहे. पुष्कळ प्रयोगांत रंगमंचावरचे सगळेच पुरुष बायका असतात.

ऐकताना वाटतं, ही शेकडो वर्षांची परंपरा असणार आणि हा हळवेपणा तिच्या रक्तातच असणार. दोन्ही समज चुकीचे. युएजूचा पहिला प्रयोग १९०६ सालचा, आणि तो करणारे सगळे पुरुष होते. त्यांच्या गाण्यात रडणं कमी, गंमत जास्त. आज आपण ज्याला युएजूचा सूर म्हणतो तो १९४३ च्या नोव्हेंबरात शांघायमध्ये जन्मला, एका एकवीस वर्षांच्या गायिकेच्या गळ्यातून आणि तिच्या साथीदाराच्या दोन तारांच्या वाद्यातून. ती गोष्ट नीट समजली की हे गाणं कसं चालतं तेही समजतं.

(इंटरनेटवर शोधताना एक सावधगिरी. दक्षिणेकडच्या कॅन्टोनीज ऑपेराचं नावही रोमन लिपीत असंच लिहितात. झांजा फारच वाजू लागल्या तर तुम्ही चुकीच्या प्रांतात शिरलात असं समजा.)

युएजूचं मूळ गाव पूर्व चीनच्या झेजियांग प्रांतातलं शेंगझोऊ. पूर्वी हा शेंग नावाचा तालुका होता. चहूकडून डोंगर, मधे नदीचं खोरं, माणसं जास्त आणि जमीन कमी. शेतीची कामं संपली की इथले गरीब शेतकरी दारोदार गात फिरायचे. एक जण गोष्ट गायचा, दुसरा ताल धरायचा, आणि घरधनीण त्यांना तांदळाचे वडीसारखे तुकडे किंवा पानात बांधलेला भात द्यायची. हा प्रकार एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सुरू झाला असं मानतात. पुढे हे गायक चहाच्या दुकानांत बसूनही गाऊ लागले. वाद्य म्हणून तारेचं काहीच नव्हतं. हातात लाकडी टाळफळ्या, समोर छोटा ढोल आणि ओळ संपली की जोडीदाराने लावलेला 'लिंग-हा, लिंग-हा' असा निरर्थक अक्षरांचा झील, बस्स. गाण्याचं नावसुद्धा या अक्षरांवरूनच पडलेलं.

गोष्ट गाता गाता दोघे-तिघे एकेका पात्राचं बोलणं वाटून घेऊ लागले की नाटक व्हायला फारसा वेळ लागत नाही. १९०६ च्या मार्चमध्ये दोंगवांग नावाच्या गावात ते झालं. भात झोडायची चार मोठी लाकडी पिंपं मांडली, त्यांवर दारांच्या फळ्या टाकल्या, की झाला रंगमंच. स्त्रीपात्रांचे घागरे-झगे गावातल्या बायकांकडून मागून आणलेले. तारवाद्य अजूनही नव्हतं. टाळफळीचा 'दी' आणि ढोलाचा 'दू' एवढाच काय तो आवाज, म्हणून लोक या मंडळींना 'दीदू' कंपनी म्हणू लागले.

शांघायला ही मंडळी १९१७ मध्ये पोचली आणि सपशेल आपटली. शांघायच्या प्रेक्षकाला पेकिंग ऑपेराची सवय. त्याला ना यांच्या गाण्यात दम दिसला ना हालचालींत. मग काही वर्षं जे दिसेल ते उचलण्यात गेली. पेकिंग ऑपेराकडून हालचाली आल्या, शेंगजवळच्या शाओशिंग शहराच्या जुन्या, दणदणीत नाट्यप्रकाराकडून कथानकं आली. १९२० च्या आसपास आतून होणारा तो 'लिंग-हा'चा झील गेला आणि त्याच्या जागी तारवाद्य आलं. बदल छोटा वाटतो, पण इथून पुढे गाण्याचं भवितव्य त्या तारांशी बांधलं गेलं.

मुली आल्या १९२३ मध्ये. शेंगचाच एक व्यापारी, वांग जिनश्वेई, शांघायमध्ये नाट्यगृह चालवायचा. पेकिंग ऑपेराच्या मुलींच्या कंपन्या शहरात चांगला गल्ला जमवताना त्याने पाहिल्या होत्या. गावाकडे परत जाऊन त्याने शिज्याआओ या खेड्यात मुलींसाठी वर्ग काढला आणि जिन रोंगश्वेई या नटाला मास्तर नेमलं. हेतू निव्वळ धंद्याचा होता. पुढच्याच वर्षी मुलींना शांघायच्या रंगमंचावर उभं केलं, पण फारसं यश मिळालं नाही. मग या कंपन्या बरीच वर्षं झेजियांगच्या खेड्यापाड्यांतच फिरत राहिल्या.

गळ्याचा प्रश्न मात्र पहिल्या दिवसापासून होता. पुरुषांसाठी बसवलेल्या चाली दहा-बारा वर्षांच्या मुलींना पेलेनात. मुलींच्या आवाजाला सोयीची पट्टी शोधता शोधता, पेकिंग ऑपेराच्या हलक्याफुलक्या चालींची तारांची जुळवणी उचलून, एक नवी चाल तयार झाली. तिचं नाव सिगोंग.

आता थोडं तारांकडे. साथीचं मुख्य वाद्य म्हणजे युएहू. दोनच तारा, छोटा चामड्याने मढवलेला डबा, आणि गजाचे केस दोन तारांच्या मधून गेलेले. या दोन तारांमधलं अंतर ठरलेलं असतं: षड्ज-पंचमाचं. अंतर तेच ठेवून तारांना कोणते स्वर मानायचे, हे मात्र बदलता येतं. आपल्या सरगमेत सांगायचं तर सिगोंगमध्ये खालची तार ध आणि वरची ग. 'सि' आणि 'गोंग' ही या दोन स्वरांचीच जुन्या चिनी स्वरलिपीतली नावं. म्हणजे चालीचं नाव हे खरं तर वाद्य जुळवण्याची सूचना आहे.

यातला व्यवहार असा. गायिका साथीच्या मोकळ्या तारांवर टेकते. मोकळी तार भरून वाजते, गोल वाजते, आणि सूर आपोआप तिच्याभोवती घुटमळतो. खाली ध आणि वर ग असेल तर चाल त्या दोन स्वरांभोवती नाचते: चटपटीत, उजळ, मध्यम ते जलद लयीची. मैत्रिणींची थट्टा, लग्नाची बोलणी, बागेतली भेट यांसाठी उत्तम. त्या काळच्या युएजूत यापलीकडे फारसं काही लागतही नव्हतं.

१९३७ मध्ये जपानी सैन्य आलं. झेजियांगमधून हजारो लोक जीव वाचवायला शांघायच्या परदेशी वसाहतींत शिरले, आणि त्यांच्या मागोमाग मुलींच्या कंपन्याही आल्या. या वेळी शहराने त्यांना डोक्यावर घेतलं. याओ श्वेईज्वानसारख्या नायिकांची नावं जो तो घेऊ लागला. प्रेक्षक मुख्यतः बायका: गिरणीत काम करणाऱ्या, घरकाम करणाऱ्या, आणि पहिल्या रांगेत श्रीमंत घरच्या मालकिणी. या मालकिणी आवडत्या नटीला मानलेली मुलगी करून घेत, तिला दागिने-कपडे देत आणि तिच्यावर हक्कही सांगत. पुरुष कंपन्या याच काळात संपल्या. बालगंधर्वांचा शालू पाहायला आपल्याकडे बायका गर्दी करायच्या. तिकडे बाईने घातलेला पुरुषी झगा पाहायला बायकाच गर्दी करत होत्या.

यश मिळालं तरी युआन श्वेफेन या नटीला चैन नव्हतं. ती शेंगच्याच एका खेड्यातली, अकराव्या वर्षी कंपनीत दाखल झालेली. १९४२ पासून तिने आपल्या नाट्यगृहात बदल सुरू केले. लिहिलेली संहिता, दिग्दर्शक, नेपथ्यकार, प्रकाशयोजना: आजवर रंगमंचावर उभं राहून ऐन वेळी संवाद जुळवणाऱ्या मंडळींना हे सगळं नवं होतं. युएजू दोन दाईंच्या दुधावर वाढला, असं ती पुढे सांगायची. एक दाई आधुनिक गद्य नाटक, दुसरी कुनछू ही चारशे वर्षांहून जुनी, नाजूक हालचालींची नाट्यपरंपरा. १९४६ मध्ये तिने शाओशिंगचेच लेखक लू श्युन यांच्या कथेवरून एका गांजलेल्या मोलकरणीचं नाटक केलं. राजपुत्र आणि विद्वान तरुणांच्या प्रेमकथांवर पोसलेल्या रंगमंचावर हे धाडसच होतं.

अशा नाटकांना सिगोंगची चाल पुरेना. माणूस मरतोय आणि चाल नाचतेय, असं होऊ लागलं.

१९४३ च्या नोव्हेंबरात युआन एका नव्या नाटकात राजघराण्यातल्या स्त्रीची भूमिका करत होती. नवऱ्याच्या मृत्यूवर तिने आक्रोश करायचा प्रवेश होता. ठरलेल्या चालीत तो बसत नाही हे तिला जाणवत होतं, म्हणून प्रयोगात तिने चाल सोडली आणि पेकिंग ऑपेरात शोकाच्या वेळी करतात तशी मोकळी हाक घातली. साथीला झोऊ बाओत्साय होता. त्याने तिच्या मागोमाग जात तारांची जुळवणी बदलली: खालची तार आता प, वरची रे. पेकिंग ऑपेराच्या गंभीर चालींची जुळवणी हीच. युआन त्या सुरावर लांब, संथ ओळी गात गेली. प्रेक्षागृह हललं, आणि दोघांनी मग बसून त्या प्रयोगातून एक पूर्ण गायनप्रकार घडवला. त्याला छे दियाओ म्हणतात. तारांचं नाव 'ह-छे', त्यातला 'छे' उरला.

एका स्वराच्या फरकाने एवढं काय होतं? खालची मोकळी तार ध ऐवजी प झाली की गाण्याला सा च्या खाली एक पक्की बैठक मिळते. ओळ वर जाऊन परत येते ती सा वर थांबू शकते, किंवा आणखी उतरून मंद्र पंचमावर विसावू शकते. गायिकेला छातीतला, खालचा, उबदार आवाज लावता येतो. संथ लयीत एका अक्षरावर पाच-सहा स्वर फिरवायला जागा मिळते. सिगोंगच्या काळात चाल बहुतेक मध्यम लयीतच चालायची; खरी विलंबित लय युएजूत या जुळवणीबरोबर रुजली.

दोन वर्षांनी, १९४५ मध्ये, झोऊ बाओत्सायने आणखी एक पायरी उतरवली. या वेळी गायिका फान रुईज्वान, तीही एकवीस वर्षांची, पुरुष भूमिकांसाठी नावाजलेली. प्रसंग लिआंग शानबोच्या मृत्यूचा. (पुरुषवेषात शिकायला आलेली झू यिंगताय, तिच्यावर जीव जडलेला तिचा सहाध्यायी, तिचं दुसरीकडे ठरलेलं लग्न, आणि शेवटी दोघांची फुलपाखरं: चीनमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट.) तारा आता सा आणि प. सूर आणखी खोल जातो, जड होतो. ही श्येनश्या चाल. ती रोज वापरत नाहीत. मरणशय्या, समाधीपुढचा विलाप, तुरुंगातला शेवटचा निरोप अशा जागांसाठी राखून ठेवतात. संपूर्ण नाटक छे दियाओमध्ये चाललेलं असताना एकाएकी ही जुळवणी आली की जाणता प्रेक्षक रुमाल काढतो.

या सगळ्या चालींचा सांगाडा साधा आहे. ओळी जोडीने येतात. बहुधा सात अक्षरांच्या, दोन-दोन-तीन अशा तुटणाऱ्या. कधी दहा अक्षरांच्या. पहिली ओळ अधांतरी थांबते, दुसरी घरी येते. अशा कितीही जोड्या एकामागून एक लावता येतात, फक्त सुरुवातीची ओळ जरा लांबवून, मोकळी घेतात आणि शेवटची ठासून उतरवतात. बंदिश ठरलेली नसते. एकाच सांगाड्यावर शब्दांच्या चढउतारानुसार प्रत्येक गायिका आपली चाल बेतते. लय बदलली की तोच सांगाडा विलंबित, मध्य, द्रुत किंवा तालमुक्त होतो.

शब्दांचा चढउतार म्हणजे काय, तर चिनी बोलींत प्रत्येक अक्षराला स्वतःचा सूर असतो, आणि चाल त्याच्या उलट गेली तर शब्द ओळखू येत नाही. शेंगझोऊची बोली वू गटातली, शांघायच्या बोलीची नातलग. मँडरिनमध्ये आपल्यासारखा 'ब' नाही. रोमन लिपीत जिथे बी लिहितात तिथे खरं तर 'प' उच्चारतात. वू बोलींत मात्र प, फ आणि ब असा तिहेरी फरक जुन्या काळापासून टिकून आहे. शिवाय घशात तुटणारी आखूड अक्षरंही आहेत. संथ गाण्यात असं अक्षर आलं की गायिका ते चटकन तोडते, क्षणभर थांबते आणि मग सूर पुढे नेते. मऊ गाण्यातले हे छोटे खाचखळगे फार गोड लागतात. रंगमंचावरची भाषा मूळ बोलीपेक्षा जरा प्रतिष्ठित, शाओशिंगच्या पंडिती वळणाची असते, पण तिचा लहेजा शेंगचाच.

मला स्वतःला सर्वांत आवडतो तो 'छिंगबान' नावाचा भाग. लांब गाण्याच्या मध्यावर सगळी वाद्यं अचानक गप्प होतात. युएहूसुद्धा. उरते फक्त टाळफळी आणि छोटा ढोल, आणि त्यावर एकटा आवाज. गायिका इथे गाते आणि बोलते यांच्या मधोमध असते. शब्द स्पष्ट, स्वर कमी, ओळी भराभर, जणू कुणी समोर बसून सगळं सांगून टाकतंय. पाच-दहा ओळींनंतर लय ओढली जाते, शेवटच्या शब्दांवर युएहू येऊन मिळतो, आणि आवाज लांब वळण घेत खाली उतरतो. टाळ्या नेमक्या तिथे पडतात. तार नसलेल्या त्या दीदू कंपनीचं गाणं इथे जसंच्या तसं जिवंत आहे.

शेवटचं ते वळण म्हणजे गायिकेची सही. जाणकार त्यावरूनच घराणं ओळखतात, कारण ओळीच्या मधे सगळ्यांच्या चाली बऱ्याच सारख्या असतात. युआन श्वेफेनचं वळण संथ, दाबून धरलेलं. फू च्वानशियांगचं गाणं फार मोठ्या पल्ल्याचं: खालच्या खऱ्या आवाजातून वरच्या कृत्रिम आवाजात ती सांधा न दाखवता जायची. ची याशिएनचं एकदम साधं, मोजक्या स्वरांचं, म्हणून घरी गुणगुणणाऱ्या बायकांचं लाडकं. पुरुष भूमिकांत फान रुईज्वान धट्टीकट्टी आणि सरळ, श्यू यूलान तार सप्तकात तळपणारी, आणि यिन ग्वेईफांग मृदू, खालच्या सुरांत रमणारी. तरुण नायक करणाऱ्या दहापैकी नऊ जणी यिनच्या वळणाच्या, असं युएजूच्या जगात म्हणतात. घराणी एकूण तेरा धरतात. त्यांतली बरीचशी छे दियाओ आणि श्येनश्याच्या पोटातून निघालेली.

१९५३ मध्ये लिआंग-झूच्या कथेवर युआन आणि फान यांना घेऊन रंगीत चित्रपट निघाला. १९५४ च्या जिनिव्हा परिषदेत चीनचे पंतप्रधान झोऊ एनलाय यांनी परदेशी पाहुण्यांना तो दाखवला, तेव्हा लांबलचक माहितीपत्रकाऐवजी 'चीनचे रोमिओ-ज्युलिएट' एवढंच सांगायचं ठरवलं. १९५९ मध्ये याच कथेवर, युएजूच्या सुरावटी घेऊन, एक व्हायोलिन कन्सर्टो रचला गेला, आणि पाश्चात्त्य ऑर्केस्ट्राच्या मैफिलींमधून हे सूर जगभर पोचले. तो ऐकला असेल तर तुम्ही युएजू ऐकलाय, फक्त शब्दांशिवाय.

सांस्कृतिक क्रांतीत सगळं बंद झालं. मऊ, बायकी, मन पोखरणारं संगीत, असा शिक्का बसला. यिन ग्वेईफांग १९५९ मध्येच आपली कंपनी घेऊन फुजियानला गेली होती. तिथे तिचे इतके हाल झाले की अर्धं अंग कायमचं लुळं पडलं. १९७९ मध्ये ती तशाच अवस्थेत शांघायच्या रंगमंचावर परत आली.

पुरुषांचं काय झालं, हा प्रश्न उरतो. १९५० च्या दशकात सरकारने पुरुष-स्त्रियांनी एकत्र प्रयोग करावेत असा आग्रह धरला, आणि तीस वर्षांपूर्वीची अडचण उलटी होऊन समोर आली. चाली आता बायकांच्या गळ्याला बेतलेल्या. त्याच पट्टीत पुरुष गायला तर एक तर फार वर जातो, नाहीतर सप्तकभर खाली जाऊन पुटपुटतो. संगीतकारांनी दोन तोडगे काढले. एक, पट्टी तीच ठेवून पुरुषासाठी वेगळी चाल बांधायची. दुसरा, चाल तीच ठेवून पुरुषाची ओळ आली की वादकांनी पट्टी बदलायची. पहिल्यात ओळखीचं वळण हरवतं, दुसऱ्यात संवादाच्या मधे सांधा खडखडतो. सर्वांत गाजलेला पुरुष गायक झाओ झिगांग याने यिन घराणं निवडलं, यात नवल नाही; खालच्या सुरांचं ते गाणं पुरुषाच्या गळ्यातही ओळखू येतं.

तरीही गर्दी बायकांच्याच कंपन्यांना होते. १९८४ मध्ये हांगझोऊला स्थापन झालेल्या श्याओबायहुआ मंडळीने माओ वेईताओसारखी नायक-नटी दिली. २०२३ मध्ये त्याच शहरात, प्रेक्षकांना टेबलाखुर्च्यांवर बसवून त्यांच्यामधून चालणारा एक तलवारबाजीचा प्रयोग सुरू झाला. त्यातल्या चेन लीजूनने नायिकेला कवेत घेऊन गरगर फिरवल्याची क्लिप मोबाइलवर एवढी फिरली की तिकिटं मिळेनाशी झाली.

नव्याने ऐकायचं असेल तर तीन गाणी लागोपाठ लावा: आधी सिगोंगमधलं काहीतरी हसरं, मग छे दियाओ, मग श्येनश्या. व्हिडिओच्या शीर्षकात चालीचं नाव बहुधा दिलेलं असतं. आणि छे दियाओच्या गाण्यात वाद्यं थांबून नुसती टाळफळी उरली, तर तिथे पुढे ढकलू नका.